पन्नासच्या आधीचा कागद

१४ एप्रिल आणि १४ ऑक्टोबर या तारखा आपल्या घरातल्या लेकरांना पाठ असतात, यात नवल नाही. त्या दिवशी वस्तीत निळे झेंडे लागतात, विहारात वंदना होते, घरी खीर होते. पण आणखी एक तारीख आपल्या माणसांना पाठ असते आणि त्या दिवशी ना मिरवणूक निघते ना भाषण होते. ती तारीख म्हणजे १० ऑगस्ट १९५०. दहावी-बारावीचा निकाल लागला की घराघरांतून एकच शोधाशोध सुरू होते, ‘पन्नासच्या आधीचा कागद आहे का?’ मग कोणी आजोबांच्या शाळेत जाऊन दाखल-खारीज रजिस्टरची नक्कल काढतो, कोणी कोतवाल बुकातली नोंद शोधतो, कोणी पत्र्याच्या पेटीतला पिवळा पडलेला कागद बाहेर काढतो.

आमच्या विहारात रविवारी सकाळी वंदनेनंतर बसायची पद्धत आहे. एका रविवारी आम्ही सहज विचारले, “१० ऑगस्ट १९५० ला काय झाले होते?” एक जण म्हणाले, त्या दिवशी घटना लागू झाली. आम्ही म्हटले, ती तर २६ जानेवारीला झाली. दुसरे म्हणाले, त्या दिवशी जमिनीची मोजणी झाली असेल. बायकांच्या बाजूने आवाज आला, “आमाले का मालूम, साहेब मागते म्हनून देतो.”

‘साहेब मागतो म्हणून देतो’ हे वाक्य आम्हाला लागले. आमचे उभे आयुष्य कारकुनीत चालले आहे, आणि साहेब जे मागतो ते कशाच्या आधाराने मागतो, हे विचारण्याची सवय आम्हालाही फार उशिरा लागली. ती कशी लागली, ते वाचकांना सांगावेसे वाटते.

सेलू तालुक्यातल्या एका खेड्यातली ताई आपल्या मुलीला घेऊन आमच्याकडे आली होती. मुलगी बारावी चांगल्या गुणांनी पास झालेली. तिला नर्सिंगला जायचे होते. प्रवेशाची यादी लागायची वेळ आली होती आणि जातीचा दाखला मिळत नव्हता. ताई कापूस वेचणीला आणि निंदणाला जाणारी, मालक बांधकामावर. ती म्हणाली, “भाऊ, तीन चकरा झाल्या. दर चकरेले मजुरी बुडते, गाडीभाडं लागते. तो बाबू म्हनते, बौद्धाले जात नसते. नवीन परिपत्रक आलं म्हनते. टीसीवर हिंदू महार करून आना, मंग दाखला भेटन. आता तुमीच सांगा, का करू?”

मुलीच्या टीसीवर आणि तिच्या वडिलांच्या टीसीवर ‘बौद्ध’ होते. आजोबांच्या दाखल-खारीजमध्ये, म्हणजे धम्मदीक्षेच्या आधीच्या नोंदीत, ‘महार’ होते. कागद एकाखाली एक बरोबर लागत होते. मुलगी तोपर्यंत गप्प होती. टीसी बदलायची गोष्ट निघाल्यावर मात्र ती म्हणाली, “मी नाई बदलवनार.” आईने तिच्याकडे पाहिले आणि पदराने डोळे पुसले. मुलीचे शिक्षण आणि आजोबांनी घेतलेली दीक्षा, या दोहोंतले एक निवडायचे असे त्या बाईला एका खिडकीवर सांगितले गेले होते.

‘नवीन परिपत्रक आलं आहे’ हे वाक्य ऐकताच आमच्या मनात दुसरीच आठवण जागी झाली, कारण हे वाक्य आम्ही स्वतः वापरलेले होते. दहा-बारा वर्षांपूर्वी एका योजनेचे काम आमच्या टेबलावर होते. देवळीकडची एक म्हातारी आली. “जय भीम, साहेब,” म्हणून तिने हात जोडले. तिच्या अर्जाला एक दाखला जोडलेला नव्हता. आम्ही म्हटले, “आजी, शासन निर्णय आहे. हा दाखला लागतोच.” तो शासन निर्णय आम्ही वाचला नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या जुन्या बाबूंनी सांगितले म्हणून आम्ही सांगितले. दोनेक महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी फाइल चाळताना दिसले की नंतरच्या शासन निर्णयाने ती अट काढून टाकलेली होती. आम्ही सुट्टीच्या दिवशी सायकल घेऊन तिच्या गावी गेलो. घराला कुलूप होते. शेजाऱ्यांनी सांगितले की म्हातारी मुलाबरोबर वीटभट्टीवर गेली. ती पुन्हा आली नाही. आम्ही आपल्याच माणसाला, न वाचलेल्या कागदाच्या नावाने, परत पाठवले होते. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिले पाहिजे.

त्यानंतर आम्ही स्वतःला एक शिस्त लावून घेतली. कोणताही कागद टेबलावर आला की तो काढला कोणी, कोणत्या अधिकारात काढला, आणि त्याच्या वरचा कागद काय म्हणतो, हे पाहायचे. आम्ही बी.कॉम. झालेलो, व्यापारी कायद्याचा एक पेपर एवढेच आमचे कायद्याचे शिक्षण. पण राज्यघटनेचे पुस्तक घरात होते. परमपूज्य बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवलेले, वर्षातून एकदा पुसले जाणारे. ते उघडले आणि कलम १३ वर थांबलो. ‘कायदा’ या शब्दात काय काय येते याची यादीच तिथे दिली आहे. अध्यादेश, आदेश, उपविधी, नियम, विनियम, अधिसूचना, इतकेच नव्हे तर कायद्याइतकी ताकद असलेली रूढी आणि परिपाठ. आणि यांपैकी जे काही मूलभूत हक्कांच्या आड येईल ते तेवढ्यापुरते रद्द. आम्ही यादी दोनदा वाचली. तिच्यात ‘परिपत्रक’ हा शब्द नव्हता.

आपल्या आयाबायांना समजेल अशा शब्दांत सांगायचे तर कायद्याची एक उतरंड असते. जातीच्या उतरंडीत तळाचे मडके साऱ्यांचा भार सोसून पिचते. कायद्याच्या उतरंडीत तळाचे मडके सर्वांत मोठे आणि मजबूत असते. ते म्हणजे राज्यघटना. तिच्यावर संसदेने किंवा विधानसभेने केलेला अधिनियम. सभागृह भरलेले नसताना राष्ट्रपती किंवा राज्यपाल वटहुकूम काढतात, तोही त्याच पातळीचा, पण सभागृह पुन्हा भरल्यावर मंजुरी मिळाली नाही तर सहा आठवड्यांत संपणारा. अधिनियमाने दिलेल्या अधिकारात सरकारने केलेले नियम आणि अधिसूचना त्याच्यावर. त्याच्यावर शासन निर्णय, त्याच्यावर परिपत्रक, आणि सर्वांत वर, वाऱ्यानेही हलणारे लहानसे बोळके म्हणजे साहेबाचा तोंडी आदेश. वरचे मडके खालच्यावर नीट बसले तरच टिकते. आणि हे नीट बसले की नाही, हे सांगण्याचा अधिकार न्यायालयाचा. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा कलम १४१ प्रमाणे देशातल्या सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. आपल्या वर्धा जिल्ह्यासाठी उच्च न्यायालय म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ.

कोणत्या मडक्यावर काय ठेवले आहे याने किती फरक पडतो, ते आपल्या जिल्ह्यातच पाहा. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. पुलगावजवळ वर्धा नदी ओलांडून अमरावती जिल्ह्यात शिरले की परवान्याचे दुकान दिसते. दारूबंदीचा १९४९ चा अधिनियम नदीच्या दोन्ही काठांना एकच आहे. फरक आहे तो त्या अधिनियमाखाली सरकारने कुठे परवाने द्यायचे आणि कुठे नाही, या निर्णयाचा. सरकारच्या निर्णयाने आलेली गोष्ट सरकारच्या निर्णयाने जाऊ शकते. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये दारूबंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. विधानसभेने केलेला कायदा मात्र विधानसभेनेच बदलावा लागतो.

रूढी हाही कायद्याचा एक झरा आहे, हे कलम १३ मध्ये वाचले तेव्हा आम्हाला महाड आठवले. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, पण तिच्यात कायद्याची केवढी शिकवण आहे ते आम्हाला चाळिशीत कळले. १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असा तो ठराव. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने ठराव करून तळे खुले केले. पण तो ठराव होता, कायदा नव्हता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी प्याल्यावर नगरपालिकेने तो ठरावच मागे घेतला. ठरावाने दिलेले पाणी ठरावानेच काढून घेतले.

पुढे डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद भरली. हजारो माणसे तळ्यावर जायला तयार होती. त्याआधीच विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम आणला होता. २५ डिसेंबरला परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले आणि त्याच परिषदेत बाबासाहेबांनी लोकांना समजावून तळ्यावर जाणे तहकूब केले. आमच्या मनात पूर्वी यायचे, एवढी माणसे तयार असताना माघार का घेतली? आता उमगते. ज्या ग्रंथाला शतकानुशतके कायद्याचा उगम मानले गेले, तो उगम त्यांनी नाकारला. पण न्यायालयाचा हुकूम, तो आपल्याविरुद्ध असूनही, पाळला आणि त्याच न्यायालयात लढायचे ठरवले. कोणाचा शब्द कायदा म्हणून मानायचा आणि कोणाचा नाही, याची निवड त्यांनी त्या मंडपात डोळसपणे केली.

तो दावा जवळजवळ दहा वर्षे चालला. तळे आमच्या खासगी वापराचे, अस्पृश्यांनी त्याला शिवायचे नाही ही अनादी काळची रूढी, असे वादींचे म्हणणे. खालच्या न्यायालयांत ते हरले आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयातही हरले. पण निकालाचे कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे. अशी रूढी अनादी काळापासून चालत आलेली आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. ती अन्यायाची आहे का, हा प्रश्न न्यायालयाला हाती घ्यावाच लागला नाही. अस्पृश्यतेची रूढी कितीही जुनी असली तरी ती चालणार नाही, हे म्हणायला राज्यघटनेचे कलम १७ यावे लागले आणि त्याच्या अंमलासाठी १९५५ चा अस्पृश्यता अपराध अधिनियम करावा लागला. तोच पुढे नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाला.

आता १० ऑगस्ट १९५० कडे येऊ. राज्यघटनेच्या कलम ३४१ ने राष्ट्रपतींना अधिकार दिला की कोणत्या राज्यात कोणत्या जाती अनुसूचित समजायच्या हे त्यांनी जाहीर करावे. त्या अधिकारात राष्ट्रपतींनी १० ऑगस्ट १९५० ला ‘संविधान (अनुसूचित जाती) आदेश’ काढला. त्या दिवशी आपले पूर्वज कुठे राहत होते आणि कोण होते, हे दाखवायचे म्हणून पन्नासच्या आधीचा कागद लागतो. साहेब मागतो म्हणून नव्हे. आणि कलम ३४१ मध्येच पुढे म्हटले आहे की एकदा जाहीर झालेल्या यादीत भर घालायची किंवा काही वगळायचे असेल तर ते फक्त संसदेने कायदा करून करावे.

त्या आदेशात तिसरा परिच्छेद होता. हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही, असा त्याचा अर्थ. शीख धर्मातल्या काही जातींना तेव्हाच सवलत होती, १९५६ मध्ये ती अनुसूचित जातींच्या सर्व शिखांना मिळाली. त्याच १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी आणि लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. आमचे आजोबा-आजी त्या गर्दीत होते. अन्यायाच्या धर्मातून ते बाहेर पडले, आणि कागदावर त्याच पावलाने यादीतूनही बाहेर पडले. गावातला बहिष्कार, वेगळी विहीर आणि गावाबाहेरची वस्ती मात्र जशीच्या तशी राहिली.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने नवबौद्धांना राज्याच्या शिक्षणात आणि नोकऱ्यांत सवलती दिल्या. राज्यघटनेने राज्याला मागासवर्गांसाठी असे करण्याची मुभा दिली आहे, तिचा आधार घेऊन त्या दिल्या. त्यांचे मोल मोठे होते. आपल्या कितीतरी घरांतला पहिला मास्तर, पहिला तलाठी त्यांच्यातून झाला. पण राज्याचा आदेश राज्यापुरता. राष्ट्रपतींच्या यादीला तो हात लावू शकत नव्हता.

याचा अनुभव नागपूरलाच आला. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत नागपूरच्या राखीव मतदारसंघातून डॉ. डी. पी. मेश्राम निवडून आले. त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला आहे, म्हणून ते राखीव जागेला पात्र नाहीत, असा दावा झाला. ‘पंजाबराव विरुद्ध डॉ. डी. पी. मेश्राम’ हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६५ च्या निकालसंग्रहात आहे. न्यायालय म्हणाले की माणसाने आपण जुना धर्म सोडून नवा स्वीकारला असे जाहीर केले की तो नवा धर्म मानणारा ठरतो, दीक्षेचा विधी रीतसर झाला की नाही याचा कीस काढण्याचे कारण नाही. निवड रद्द झाली. न्यायालयाने आपल्या दीक्षेला खरी मानले, आणि खरी मानली म्हणूनच जागा गेली. आदेशातली अक्षरे तशी होती.

आमचे वडील १९७५-७६ च्या सुमारास केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरीला अर्ज घेऊन गेले होते. हातात राज्याचा ‘नवबौद्ध’ दाखला. तिथल्या माणसाने कागद पाहिला आणि परत दिला, “हे राज्याचे आहे, इथे चालत नाही.” मग आवाज उतरवून म्हणाला, “हिंदू महार असा दाखला आणा, काम होऊन जाईल.” त्या काळी पोटासाठी कित्येकांनी तसे केले. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हाला नाही. वडिलांनी केले नाही. ते हिंगणघाटला कापड गिरणीत लागले आणि शेवटपर्यंत त्या खिडकीवरच्या माणसाला शिव्या देत राहिले. “त्यानं माह्या जातीवर खार खाल्ला,” म्हणायचे.

आम्हाला आज वाटते, तो माणूस त्या दिवशी खोटे बोलला नव्हता. कायदाच तसा होता. त्या खिडकीशी भांडून काही झाले नसते. कायदा बदलायला चौतीस वर्षांचे अर्ज, मोर्चे, परिषदा, संसदेतली भाषणे लागली. विश्वनाथ प्रताप सिंग यांचे सरकार असताना, जून १९९० मध्ये, संसदेने अधिनियम क्रमांक १५ करून १९५० च्या आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदात ‘बौद्ध’ हा शब्द घातला. एका शब्दासाठी एक पिढी गेली. वडिलांचे वय तेव्हा नोकरीच्या पलीकडे गेले होते. त्यांनी बातमी ऐकली आणि म्हणाले, “पोराले तरी कामी येईन.”

म्हणूनच त्या ताईचे बोलणे ऐकून आम्ही हादरलो. १९९० मध्ये संसदेने घातलेला शब्द एका खिडकीवर, एका अदृश्य परिपत्रकाने, पुन्हा पुसला जात होता. वडिलांना जे सांगितले गेले तेच पन्नास वर्षांनी या मुलीला सांगितले जात होते. फरक एवढाच की तेव्हा खिडकीच्या पाठीशी कायदा होता, आता नव्हता.

परिपत्रकाने यादी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २८ नोव्हेंबर २००० ला आपल्या विदर्भातल्याच हलबा-कोष्टी प्रकरणात सांगितले आहे. ते प्रकरण अनुसूचित जमातीच्या यादीचे होते, पण तत्त्व तेच. यादीत जे लिहिले आहे ते तसेच वाचायचे. राज्य सरकारने परिपत्रके काढून किंवा न्यायालयानेही चौकशी करून त्यात भर घालायची नाही. त्या निकालाने विदर्भातल्या अनेक घरांच्या आशा मावळल्या, त्याचे दुःख आम्ही जवळून पाहिले आहे. पण जे परिपत्रकाने देता येत नाही ते परिपत्रकाने काढूनही घेता येत नाही. त्याआधी १९६७ मध्येच, संतराम शर्मा विरुद्ध राजस्थान राज्य या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की सरकारी सूचनांनी नियमांतल्या रिकाम्या जागा भरता येतात, नियम मोडता येत नाहीत.

आम्ही नोकरदारांनी याचा चटका पदोन्नतीतही घेतला आहे. २५ मे २००४ च्या शासन निर्णयावर पदोन्नतीतले आरक्षण चालत होते. ४ ऑगस्ट २०१७ ला मुंबई उच्च न्यायालयाने तो शासन निर्णय रद्द ठरवला. पुढे ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीची पदे सेवाज्येष्ठतेने भरायचे ठरले. आपला हक्क कोणत्या मडक्यात ठेवला आहे, हे चळवळीतल्या माणसाने वेळीच पाहिले पाहिजे.

त्या दिवशी आम्ही ताईसाठी भाषण केले नाही. साध्या कागदावर अर्ज लिहून दिला. जातीच्या दाखल्यांसाठी महाराष्ट्राचा स्वतंत्र अधिनियम आहे, सन २००१ चा क्रमांक २३. त्याच्या कलम ४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याने दाखला द्यावा, आणि नाकारायचा असेल तर कारणे लेखी नोंदवावीत. नाकारल्यास तीस दिवसांत अपील करता येते. २०१२ च्या नियमांत तर बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तींसाठी दाखल्याचा वेगळा नमुनाच आहे. अर्जात एवढेच लिहिले: १९९० चा अधिनियम क्रमांक १५ पाहून दाखला द्यावा. नामंजूर करायचा असल्यास कारण लेखी द्यावे आणि ज्या परिपत्रकाचा आधार घेतला जात आहे त्याचा क्रमांक व दिनांक कळवावा. एक प्रत आत, दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का.

अर्ज मुलीने स्वतः नेऊन दिला. आम्ही बाहेर चहाच्या टपरीवर थांबलो. ती परत आली तेव्हा सांगत होती, “त्यांनी विचारलं, हे कोनं लिहून देल्लं? मी म्हटलं, मीच लिहिलं.” अक्षर आमचे होते, पण आम्ही काही बोललो नाही.

परिपत्रकाचा क्रमांक शेवटपर्यंत आला नाही, कारण तसे परिपत्रक नव्हतेच. लेखी नकारही कोणी दिला नाही. नवव्या दिवशी दाखला मिळाला. टीसीवरचा ‘बौद्ध’ तसाच राहिला. मात्र तेवढ्यात प्रवेशाची पहिली फेरी निघून गेली होती. मुलीला दुसऱ्या फेरीत घरापासून दूरच्या कॉलेजात जागा मिळाली, वसतिगृहाचा खर्च वाढला, आणि ताईने त्यासाठी बचत गटातून कर्ज काढले. पडताळणी समितीच्या वैधता प्रमाणपत्राची पायरी त्यानंतरची, ती वेगळीच. कायदा आपल्या बाजूने होता तरी एका तोंडी वाक्याची किंमत त्या घराने मोजली.

वाचक बंधू-भगिनींनो, यातून आम्ही एवढेच समजलो की खिडकीवरचा अन्याय दोन प्रकारचा असतो. एकात कायदाच चुकीचा असतो. तिथे खिडकीवरच्या माणसाला शिव्या देऊन उपयोग नाही; संघटना करावी लागते, आमदार-खासदाराला गाठावे लागते, न्यायालयात जावे लागते, आणि वाट पाहावी लागते. दुसऱ्यात कायदा बरोबर असतो, माणूस चुकीचा असतो. तिथे एका साध्या कागदाने काम होते. आपले लोक पुष्कळदा उलटे करतात. कागदाने होणाऱ्या कामासाठी रडत घरी येतात आणि कायदा बदलण्याच्या कामासाठी बाबूशी भांडतात.

आता आमच्या विहारात महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर एक तास कागदांसाठी ठेवला आहे. प्रत्येक घराने एक पिशवी करायची. आजोबांच्या दाखल-खारीजची किंवा कोतवाल बुकाची नक्कल, वडिलांची टीसी, वंशावळ, घरात कोणाला वैधता मिळाली असेल तर तिची प्रत, असे सगळे त्यात ठेवायचे. निकाल लागायची वाट पाहायची नाही, पोरगी नववीत गेली की काढायला लागायचे. आणि कोणी ‘परिपत्रक आहे’ म्हटले तर आवाज न चढवता त्याचा क्रमांक आणि तारीख विचारायची. कचेरीत काम करणाऱ्या आपल्या भावांनाही आमची विनंती आहे. ज्या कागदाचे नाव घेऊन आपण एखाद्याला परत पाठवतो, तो आधी स्वतः वाचा.

परवा ती ताई विहारात आली होती. बायकांच्या बाजूने कोणी तरी विचारले, १० ऑगस्ट पन्नासला काय झालं होतं? तिने सांगितले. आम्हाला बोलायची गरज पडली नाही. आम्ही मागे बसलो होतो. देवळीकडच्या त्या म्हातारीसारखी एक आजी पुढच्या रांगेत बसली होती. ती नव्हती, पण आम्ही दोनदा वाकून पाहिले.